महिन्याला लाख हँड, पण कोणासाठी?

या वेळचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातून आलंय. थोडं कापून देतो, बाकी भाषा त्याचीच. (इतरांसाठी सांगतो, हँड म्हणजे पोकरचा एक डाव. बीबी म्हणजे बिग ब्लाइंड, डाव सुरू होताना एकाला लावावीच लागणारी रक्कम, 5/10 च्या टेबलवर एक बीबी म्हणजे 10 रुपये. रेकबॅक म्हणजे टेबल चालवणारा जो हिस्सा कापतो त्यातला परत मिळणारा भाग.)

"दादा नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला, वय 26. डिप्लोमा मेकॅनिकल झालं, दीड वर्ष चाकणला कंपनीत होतो, कॉन्ट्रॅक्ट संपलं अन् गावी आलो. घरी पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी अन् तूर. 2025 मध्ये फेब्रुवारी ते ऑगस्ट मी ऑनलाइन पोकर खेळलो, 5/10 चे टेबल, 40 हजार हँड झाले अन् 100 हँडमागं 6 बीबी असा माझा रेट आहे. सगळं एक्सेलमध्ये मांडून ठेवलं, ते पण पाठवून राहिलो. ऑगस्टमध्ये ॲपवाल्यानं पैशाचा गेम बंद केला. आता नागपूरचा एक एजंट भेटला, तो प्रायव्हेट क्लबच्या चिप्स यूपीआयवर देते. मले आता हे मन लावून करायचं आहे. महिन्याला 1 लाख हँडचं टार्गेट ठेवतो म्हणतो, बाहेरचे मोठे प्लेअर असंच ठेवतात. माझ्या रेटनं महिन्याचे 60 हजार होतात, चाकणले एवढे नव्हते. रोजचं टार्गेट कसं पाडू, किती टेबल लावू, ते सांगा. आईले वाटते मी रात्री लॅपटॉपवर कंपनीचं काम करतो. अजून एक, एजंट म्हणते एकाच खात्यात जास्त एंट्र्या नको दाखवू, तं बाबाचं खातं लावलं तं चालते का? अन् गावातले पाच पोट्टे जोडले तं माझा रेकबॅक वाढवतो म्हणते."
एक ग्राइंडर, जि. यवतमाळ

राजा, तुझं पत्र वाचलं अन् एक्सेल पण उघडली. पहिले हे सांगतो की एवढी साफ एक्सेल मी भल्याभल्या नोकरीवाल्यांची पाहिली नाही, तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, किती टेबल, किती हँड, नफा-तोटा, अन् शेवटी शेऱ्याचा कॉलम. त्या शेऱ्याच्या कॉलमवर येतोच. बाबाचं खातं अन् ते पाच पोट्टे, याचं उत्तर एका शब्दात नाही असं आहे, सविस्तर खाली देतो, पण तू मुख्य प्रश्न टार्गेटचा विचारलाय म्हणून सुरुवात तिथूनच करतो. टार्गेट ठेवणं ही वाईट गोष्ट नाही. पोकरमध्ये आज किती पैसे येतील हे तुझ्या हातात नसतं, किती वेळ बसायचं अन् किती नीट खेळायचं हे असतं, त्यामुळं पैशाचं टार्गेट न ठेवता व्हॉल्यूमचं, म्हणजे किती खेळलो याचं, ठेवावं हे जे तू ऐकलंस ते अर्धं खरंच आहे.

आता उरलेलं अर्धं. तू 1 लाख हा आकडा लिहिलास पण त्याच्या पुढं घड्याळ लावून पाहिलं नाहीस. सहा जणांच्या साध्या टेबलवर तासाला 75च्या आसपास हँड होतात, चार टेबल लावले तर 300. एक लाखाला 300 नं भाग, 333 तास येतात. महिन्याचे तीस दिवस धरले, एकही सुट्टी नाही, पोळा नाही, कोणाचं लग्न नाही, डीपी उडाली नाही, नेट गेलं नाही, तरी रोज अकरा तास. अन् यात अभ्यासाचा एक मिनिटही धरलेला नाही, नुसतं पत्ते टाकणं. तुझ्या एक्सेलमध्ये सगळ्यात मोठा महिना जुलै आहे, 11,000 हँडचा, म्हणजे साधारण 37 तास, रोज सव्वा तासाच्या आत. तिथून एकदम नऊपट जायचं म्हणून राहिला तू. फास्ट-फोल्डवाले टेबल घेतले, जिथं पत्ता टाकला की लगेच दुसऱ्या टेबलावर नवीन हँड मिळतो, तर तास कमी होतील हे खरं, पण तुझ्या एजंटच्या क्लबात तेवढे लोक रात्री बसले तरी असतील का.

अन् हा लाखाचा आकडा आला कुठून ते पण पाहू, कारण तू म्हणतोस बाहेरचे मोठे प्लेअर असंच ठेवतात. ठेवायचे, बरोबर आहे. पोकरस्टार्स या बाहेरच्या पोकर साइटवर सुपरनोव्हा एलिट नावाचा दर्जा होता, एका कॅलेंडर वर्षात 10 लाख पॉइंट जमवले की मिळायचा, अन् पॉइंट मिळायचे रेक भरल्यावर, म्हणजे प्रत्येक पॉटमधून (डावात मध्ये जमलेल्या पैशातून) साइट जो हिस्सा कापून घेते तो भरल्यावर. बक्षीस एवढं मोठं होतं की कित्येक जण टेबलवर जेमतेम बरोबरीत राहून नुसत्या बक्षिसावर वर्ष काढायचे, म्हणून त्यांना हँड मोजणं परवडायचं. मग 2015 च्या शेवटी कंपनीनं ती बक्षिसं कापायचं जाहीर केलं, प्लेअर लोकांनी डिसेंबरमध्ये काही दिवस टेबलवर न बसण्याचा संप पण केला, कंपनी काही हलली नाही. ज्यांचं सगळं गणित हँडच्या संख्येवर उभं होतं त्यांचं गणित एका नोटिशीत गेलं. आपल्याकडच्या ॲपवर ते लीडरबोर्ड असायचे ना, जास्त हँड खेळा जास्त बोनस, त्याची जात तीच. समजा तुझ्याकडून 100 हँडमागं 6 बीबी रेक जाते, तर लाख हँडला 6,000 बीबी, म्हणजे 60 हजार रुपये टेबल चालवणाऱ्याला, तू जिंक नाहीतर हर. तुझा नफा नक्की नाही, त्याचा नक्की आहे. तर हे टार्गेट मुळात कोणाच्या कामाचं आहे ते तूच पाहा.

व्हॉल्यूमचा राजा पाहायचा असेल तर रँडी ल्यू बघ, नॅनोनोको नावानं खेळणारा अमेरिकन. जानेवारी 2012 मध्ये बहामासमध्ये त्यानं आठ तासात 23,493 हँड खेळून गिनीज रेकॉर्ड केलं, एका वेळी चाळीस-चाळीस टेबल. आता सांग, नफा किती झाला असेल? 7.65 डॉलर. अन् तो नफ्यात संपला म्हणूनच रेकॉर्ड धरलं, अट तशी होती. माणूस जगातला एक नंबर ग्राइंडर, म्हणजे तासन् तास बसून नेमानं खेळणारा, वर्षानुवर्षं जिंकणारा, मी त्याला नावं ठेवत नाही, पण तेवीस हजार हँडमधून साडेसात डॉलर निघू शकतात अन् साडेसातशे जाऊ पण शकतात हे डोक्यात राहू दे.

आता तुझा तो 6 बीबीचा रेट. इथं थोडं गणित करावं लागेल, कंटाळू नको, तुला एक्सेल येते म्हणजे हे पण येईल. सहा जणांच्या नो-लिमिट (समोर आहेत तेवढे सगळे पैसे लावता येतात अशा) टेबलवर नशिबाचा चढउतार, स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात त्याला, 100 हँडमागं 90 बीबीच्या आसपास असतो. तुझे 40,000 हँड म्हणजे शंभर-शंभरचे 400 गठ्ठे, 400 चं वर्गमूळ 20, 90 भागिले 20 म्हणजे साडेचार. याचा अर्थ तुझ्या 6 च्या दोन्ही बाजूला दुप्पट, म्हणजे 9, सोडायचे, अन् मग म्हणायचं की तुझा खरा रेट उणे 3 ते अधिक 15 यात कुठंतरी आहे. उणे 3 पासून! तू हरणारा प्लेअर असून सात महिने पत्ते चांगले पडले असंही होऊ शकते, तू फार भारी आहेस असंही होऊ शकते, 40 हजार हँड ते सांगू शकत नाहीत. लाख हँडनंतर पण फार फरक पडत नाही, ज्याचा खरा रेट 3 बीबी आहे असा चांगला प्लेअर सुद्धा लाख हँड खेळून तोट्यात बसण्याची शक्यता 15 टक्क्यांच्या आसपास असते, सहा-सात जणांत एक. तो एक जण महिनाभर रोज अकरा तास बसून, नीट खेळून, महिन्याच्या शेवटी उलटे पैसे भरतो. घरात दुसरा पगार असला तर हे निभते.

म्हणून व्हॉल्यूम वाढवला की पैसा वाढतो हे अर्धवट वाक्य आहे. युरिया टाकला की पऱ्हाटी पण वाढते अन् तण पण. तुझा खरा रेट अधिक 6 असेल तर लाख हँडचे 60 हजार, उणे 2 असेल तर त्याच लाख हँडचे 20 हजार घरून, अन् तुला आज माहीत नाही की वावरात काय उगवलंय.

पैशाचं पण सरळ बोलू. 40,000 हँड गुणिले 6 बीबी म्हणजे 2,400 बीबी, म्हणजे 24,000 रुपये. सात महिन्यांचे. एप्रिल 2023 पासून ऑनलाइन गेमच्या निव्वळ जिंकण्यावर 30 टक्के टीडीएस कापला जायचा, म्हणजे 7,200 गेले, राहिले 16,800, महिन्याला 2,400. ऑक्टोबर 2023 पासून तर डिपॉझिटवर 28 टक्के जीएसटी पण होता, बरेच ॲप तेवढाच बोनस देऊन तो झाकायचे म्हणून तुला जाणवला नसेल. तू "माझ्या रेटनं 60 हजार" लिहिलंस त्यात टीडीएस धरलाच नाहीस, धरला असता तर 42 हजार. अन् तू चाकणशी तुलना करून राहिला, तर चाकणला पीएफ पण कापला जायचा अन् महिन्याला उणे पगार कधी आला नव्हता.

आता शेऱ्याचा कॉलम. जुलैमध्ये तू 10,000 हँडचं टार्गेट लावलं होतंस असं दिसते, कारण वर लाल अक्षरात लिहिलंय. 25 तारखेपर्यंत 5,200 हँड झाले, नफा 6,400. मग 26 ते 31 या सहा दिवसात 5,800 हँड, तोटा 9,100. त्यातली 30 तारखेची ओळ अशी आहे, सुरू रात्री 11:40, बंद पहाटे 4:15, टेबल 8, हँड 2,600, तोटा 4,800, अन् शेऱ्यात लिहिलंय "टार्गेट पूर्ण", पुढं अंगठ्याचा इमोजी. बाकीच्या सगळ्या महिन्यात तुझ्या टेबलच्या कॉलममध्ये 3 नाहीतर 4 आहे, 8 फक्त महिनाअखेरीला दिसते. मी त्या तोट्याला दोष देत नाही, 5,800 हँडमध्ये सात-नऊ हजार इकडचे तिकडं नुसत्या नशिबानं पण होतात, वर केलं तेच गणित लावून पाहा. दोष आहे तो त्या 8 ला अन् त्या अंगठ्याला. चार टेबलवर तू समोरच्याकडं पाहून खेळतो, हा किती वेळा रेज करते (पैसे वाढवते), हा ब्लफला घाबरते का, आठ टेबलवर पहाटे तीनला तू फक्त बटन दाबतो, अन् कठीण हँड आला की विचार करायच्या ऐवजी फोल्ड (पत्ते टाकून देणं) नाहीतर कॉल (समोरच्याएवढे पैसे लावणं), जे पटकन होईल ते. अन् 4,800 गमावलेल्या रात्री तू स्वतःला शाबासकी दिलीस, कारण टार्गेट हँडचं होतं. टार्गेटनं तुला हेच शिकवलं की वाईट खेळ पण आकडा भर.

व्हॉल्यूमचं टार्गेट ज्यांना जमलंय ते ते कसं ठेवतात सांगतो, पोकरसाठी नाही तर दुसऱ्या कशासाठी उपयोगी पडेल. एक तर ते हँड मोजत नाहीत, तास मोजतात, कारण तासात घाई करून काही मिळत नाही, आठ टेबल लावले तरी तास एकच भरतो. आठवड्याचं ठेवतात, महिन्याचं नाही, म्हणजे महिनाअखेरीचा हा डोंगर उभाच राहत नाही, अन् हुकलेला आठवडा पुढच्या आठवड्यावर चढवत नाहीत, गेला तो गेला. खालची हद्द असते तशी वरची पण असते, दिवसाला चार तास म्हणजे चार, पाचव्या तासाला जिंकत असला तरी उठायचं. एका बैठकीला तास-दीड तास, मग उठून पाणी, मग पुढची. वाढवायचं ते आधीच्या खऱ्या आकड्यावरून पाचवा-चौथा हिस्सा, तुझ्या हिशोबानं 37 तासांवरून 45, नऊपट नाही. अन् सगळ्यात महत्त्वाचं, खेळण्याच्या तीन-चार तासांमागं एक तास खेळलेले हँड पुन्हा काढून पाहायचा, तो पण टार्गेटमध्येच धरायचा, कारण तो न धरला की तोच पहिले उडतो. तुझ्या सात महिन्यांच्या एक्सेलमध्ये अभ्यासाचा कॉलमच नाही.

हे सगळं लिहिलं खरं, पण आता तुला खेळायला जागा कुठं आहे? 20 ऑगस्ट 2025 ला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगचं बिल पास झालं अन् 22 ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन गेम चालवणं बंद, अन् त्यात कौशल्याचा की नशिबाचा हा वादच ठेवला नाही, दोन्ही आत. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद अन् 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं अन् 50 लाख, बँका-पेमेंटवाल्यांना पण असे व्यवहार करायला मनाई. पोकर कौशल्याचा गेम आहे हे मला पण मान्य आहे, त्याला सट्ट्यासोबत एकाच पोत्यात बांधलं हे मला पटत नाही, पण माझ्या पटण्यानं तुझे चिप्स कोणी परत देणार नाही. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, ते एजंट तुला सांगेलच, सांगितलं पण असेल. तो हे सांगणार नाही की कायद्यात चालवणारा जसा आहे तसा त्याला मदत करणारा अन् दुसऱ्याला त्यात ओढणारा पण आहे. गावातले पाच पोट्टे तू जोडले अन् त्यांच्या खेळावर तुला हिस्सा आला की तू खेळणारा राहिला नाहीस, त्या धंद्याचा माणूस झालास, अन् उद्या त्यातल्या एकाच्या बापानं दारव्हा ठाण्यात जाऊन नाव घेतलं तर ते तुझं घेईल, नागपूरवाल्याचं नाव त्याला माहीतच नसेल.

क्लबच्या चिप्सचं पण समजून घे. क्लबचं ॲप म्हणते आमच्या चिप्सला किंमत नाही, पैशाचं सगळं एजंट अन् तुझ्यात, तोंडी. तू जिंकला अन् तो म्हणाला उद्या देतो, तर तक्रार कुठं करशील? सहा जणांच्या टेबलवर तीन आयडी एकाच खोलीतून चालू आहेत का, कोणी बॉट (आपोआप खेळणारा प्रोग्राम) बसवला का, एकमेकांचे पत्ते सांगून राहिले का, हे पाहणारा कोणी नाही. तुझा तो उणे 3 ते अधिक 15 चा हिशोब सरळ पत्ते वाटणाऱ्या टेबलचा होता, इथं तो लागूच होत नाही.

आता खातं. "एकाच खात्यात जास्त एंट्र्या नको दाखवू" हे वाक्य जो माणूस बोलतो त्याला माहीत असते की एंट्र्या दिसल्या तर काय होते. होते असं की कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात एखादा माणूस फसतो, 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, त्याचा पैसा चार-पाच खात्यातून फिरत एजंटकडं अन् एजंटकडून तुझ्याकडं आलेला असतो, अन् मग तुझी रक्कम होल्ड नाहीतर अख्खं खातं फ्रीज. बँकवाला म्हणते सायबरवाल्यांना विचारा, सायबरवाले दोन राज्यं पलीकडचे, फोन उचलत नाहीत. आता तिथं बाबाचं खातं ठेवून पाहा. पीएम किसानचे 2,000 त्यात, नमो शेतकरीचे त्यात, पीक विमा आला तर त्यात, पीककर्ज त्याच बँकेचं. अन् कापूस सीसीआयला (हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला) दिला तर पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 होता, वीस क्विंटल धरला तरी 1,62,200 रुपये, एका वर्षाची सगळी मेहनत, अन् ती अडकणार तुझ्या कोणत्या तरी रात्रीच्या चार-पाचशे रुपयांपायी. बाबाला विचारणार पण नव्हतास ना? पत्रात "लावलं तं चालते का" मला विचारलंस, त्याला नाही.

त्यापेक्षा त्याच फोनवर बाबाचं एक काम नीट कर, सीसीआयला कापूस द्यायचा तर 2025 पासून कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, सातबारा, पीक पेरा, आधार, सगळं अपलोड करून. गावात बऱ्याच लोकांची नोंदणी अशी अडते की फोटो पुसट आहे नाहीतर नावात फरक आहे. तुझ्यासारखं एक्सेल ठेवणारं पोट्टं घरात असताना बाबानं खेडा खरेदीवाल्याला पडेल भावानं का द्यावं.

नोकरीचं म्हणशील तर डिप्लोमा मेकॅनिकल अन् दीड वर्षाचा अनुभव आहे, नागपूरजवळच्या बुटीबोरी नाहीतर हिंगणा एमआयडीसीत चौकशी कर, चाकणएवढा आकडा नाही मिळणार पण शनिवारी रात्री दारव्ह्याला येता येते. मुलाखतीला ही एक्सेल दाखव म्हणत नाही, पण क्वालिटीच्या नाहीतर प्लॅनिंगच्या कामाला आकडे असे मांडणारा माणूस लागतो, तिकडून शिर. पोकर सोडून दे असं मी म्हणणार नाही, कारण तू सोडणार नाहीस अन् खेळ वाईट पण नाही. सहा महिन्यांचं टार्गेट असं ठेव की आठवड्याला पाच तास, एक रुपया न लावता. त्यातले निम्मे अभ्यासाचे, कोणत्या जागेवरून कोणते पत्ते उघडायचे ते पाठ कर, पॉट ऑड्स (किती लावले तर किती मिळू शकतात ते प्रमाण) कागदावर काढ, जुने हँड सेव्ह असतील तर ते काढून बस. उरलेले फुकट चिप्सच्या टेबलवर, जिथं चिप्सचे पैसे होतच नाहीत. तिथं लोक दोन-सातासारख्या रद्दी पत्त्यांवर पण ऑल-इन जातात, म्हणजे सगळे चिप्स लावतात, शिकायला कमीच मिळते, पण एक गोष्ट नक्की कळेल, पैसा नसताना तुला पाच तास बसावंसं वाटते का. नाही वाटलं तर तुला पोकर आवडत होतं की अजून काही, ते तुझं तू समजशील. अन् जर असं होत असेल की खेळ बंद झाल्यापासून झोप लागत नाही, हरलेले भरून काढायचे हेच डोक्यात फिरते, उधारी झाली, तर टेली-मानसचा 14416 नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येते, नाव सांगायची गरज नाही.

पगार सुरू झाल्यावर गोव्याच्या लायसन्सवाल्या कॅसिनोत जाऊन बसायचं असेल तर बस एखाद वेळा. पण तिथं समोरासमोरच्या टेबलवर तासाला 25-30 हँड होतात, तुझे 40,000 करायला 1,400 च्या आसपास तास लागतील, अन् बाय-इन, म्हणजे टेबलवर बसायला लागणारी रक्कम, तुझ्या 1,000 रुपयांचा नसतो. हौस म्हणून जा, टार्गेट घेऊन जाऊ नको.

आईचं. तिला पोकर समजावत बसू नको, एवढंच सांग की रात्रीचं ते कंपनीचं काम नव्हतं, गेम होता, तो बंद झाला अन् मी काम शोधून राहिलो. ती एक दिवस चिडेल. तसंही पहाटे चारला लाइट चालू असतो हे तिला तू समजतो त्यापेक्षा जास्त माहीत असेल.

एजंटला लांबलचक उत्तर नको देऊ, "भाऊ मला जमत नाही" एवढं टाक अन् ब्लॉक कर, वाद घातला तर तो पहिल्या डिपॉझिटवर डबल चिप्स देतो म्हणेल. त्याला एकदा जरी पैसे पाठवले असशील तर त्या यूपीआय एंट्रीचा स्क्रीनशॉट काढून ठेव, पुढं खात्याला काही झालं तर लागेल. जुन्या ॲपमध्ये बॅलन्स शिल्लक असेल तर आधी तो काढून घे. अन् इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर जाऊन 26एएस फॉर्म उघड, ॲपवाल्यानं 194बीए कलमाखाली किती टीडीएस कापलाय ते तिथं दिसते, फेब्रुवारी-मार्चचं एका आर्थिक वर्षात अन् एप्रिलनंतरचं दुसऱ्या वर्षात येईल, दोन्ही पाहा. तो आकडा तुझ्या एक्सेलशी जुळतो का ते बघून रिटर्न भरायचं, दारव्ह्यात नाहीतर यवतमाळला कोणीतरी सीए असेलच, तो करून देतो. नाही जुळला तर दोन्ही आकडे मला पाठव.